माईची उंची

ताई आणि सूनबाई एकाच गाडीतून उतरल्या, तेव्हाच माईने ओळखलं की आज आपलं काही खरं नाही.

ताई तिची लेक आणि सूनबाई म्हणजे दादाची, तिच्या मुलाची, बायको. ताईच्या नव्या घरातल्या कपाटांच्या रंगावरून दोघींचं जे वाजलं होतं, तेव्हापासून एका खोलीत बसूनही त्या एकमेकींशी दादाच्या मार्फत बोलायच्या. "दादा, वहिनीला म्हणावं पंखा जरा कमी करा." "अहो, ताईंना सांगा, बटण त्यांच्याच बाजूला आहे." आणि आज त्याच दोघी खांद्याला खांदा लावून फाटक ढकलत होत्या. मागून दादा येत होता. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली आणि चेहरा मार खाल्लेला.

"आले बघा," माई खिडकीतून म्हणाली.

"येऊ दे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. वर्तमानपत्र कालचं होतं आणि ते दोनदा वाचून झालं होतं.

मिस्त्री म्हणजे माईचा नवरा. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. आधी गिऱ्हाइकं मिस्त्री म्हणायची, मग सगळी गल्ली म्हणायला लागली, आणि चारचौघांत बोलताना माईही 'आमचे मिस्त्री' म्हणायची. समोर असले की मात्र 'अहो'.

माईला पडून आता तीन आठवडे होत आले होते. भर सकाळी, स्वयंपाकघरात पडली. डावं मनगट मोडलं. हाड बसवून प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "कशा पडलात?" शेजारी मिस्त्री उभे होते, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चक्कर आली."

चक्कर-बिक्कर काही आली नव्हती. माई पालथ्या बादलीवर चढली होती आणि बादली सरकली होती. एवढाच मामला. पण चक्कर हा शब्द एकदा डॉक्टरांच्या कानावर गेला की तो आपल्या हातात राहत नाही. आधी रक्त झालं, मग ईसीजी, मग मानेचा फोटो, कानाची तपासणी आणि शेवटी डोक्याचं स्कॅन. ताई लॅबमध्ये रक्त तपासायच्याच कामाला होती. आईचं रक्त तिने इतक्या वेळा नेलं की माई म्हणाली, "थोडं मला राहू दे, मलाही लागतं." सगळं चांगलं निघालं. ते चांगलं निघालं याचीच सगळ्यांना जास्त काळजी, कारण मग चक्कर आली कशाने? कारण सापडेपर्यंत असू दे म्हणून डॉक्टरांनी चक्करची गोळी लिहून दिली, सकाळ-दुपार-संध्याकाळ. माई ती इमानेइतबारे घेत होती, कारण आणलेलं औषध टाकून देणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. त्या गोळीने तिला अशी गुंगी यायची की जेवता जेवता ती पेंगायची, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची. परवा तर फोनवर ताईला सूनबाई समजून तिने तिच्यापाशी ताईचीच तक्रार केली होती. त्या फोननंतरच आजची ही बैठक ठरली.

आता या वयात बादलीवर चढायची वेळ का आली, तर त्याला मिस्त्रींची कामाची रीत कारण होती. मिस्त्री टेपने माप घेत नसत. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याला ते भिंतीपाशी उभं करायचे आणि एका पातळ लाकडी पट्टीवर खुणा करायचे. कोपर कुठे येतं, खांदा कुठे येतो, हात वर केला की बोटं कुठवर जातात. ही त्या माणसाची मापकाठी. ओटा कोपराच्या खुणेपासून चार बोटं खाली, वरची फळी बोटांच्या खुणेपासून वीतभर खाली, असा त्यांचा हिशेब. मागच्या शेडमध्ये अशा काठ्यांची मोळीच्या मोळी होती. कितीही वर्षांनी कुणी कपाट मागितलं तरी मिस्त्री त्याची काठी शोधून काढायचे, गिऱ्हाइकाला उठून यायची गरज पडायची नाही. माईची काठी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली.

गेल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या, सासूच्या मापाने खाली बसवलेल्या जुन्या फळीला वाळवी लागली आणि मिस्त्रींनी नवी करायला घेतली. तेव्हा माई म्हणाली होती, "अहो, मला एकदा उभी करून बघा ना."

"तुला कशाला? तुझी काठी आहे की."

काठी होती, पण त्या काठीवरची मुलगी हे घर सोडून कधीच गेली होती. फळी बसली, माईने हात वर केला, तर बोटं फळीच्या कडेला जेमतेम टेकली. मिस्त्री तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून आणून दाखवत होते, बघा, केस जाईल एवढी फट नाही. त्या कौतुकात माई म्हणून गेली, "छान झालीय." आणि एकदा छान झालीय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी उंच झालीय म्हणायची सोय राहत नाही. मिस्त्री शेडमध्ये गेले की ती बादली पालथी घालायची, चढायची, हवं ते काढायची आणि बादली परत मोरीत नेऊन ठेवायची. बिस्किटांचा डबा वरच ठेवावा लागायचा, कारण मिस्त्रींना डायबेटिस होता आणि खालचे सगळे डबे त्यांना तोंडपाठ होते.

चहा सूनबाईने केला. "आई, तुम्ही बसा हो," म्हणून तिने माईला तिच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. कप शोधताना एकामागून एक कपाटं उघडल्याचा आवाज येत राहिला. तिने विचारलं नाही आणि माईनेही सांगितलं नाही.

सगळ्यांच्या हातात चहा आल्यावर दादाने घसा खाकरला. दादाचं मॉड्युलर किचनचं शोरूम होतं. दिवसभर तो अनोळखी माणसांच्या गळ्यात ट्रॉल्या मारायचा, पण आईबापांसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

"आई, बाबा, आम्ही तिघांनी मिळून जरा विचार केला," तो म्हणाला.

"तिघांनी?" माई म्हणाली.

"हो, तिघांनी," ताई म्हणाली. "मी आणि वहिनी रोज फोनवर बोलतोय."

"रोज?" माईला ही बातमी स्कॅनपेक्षा मोठी वाटली.

"विषय बदलू नकोस, आई. तुम्हाला दोघांनाच इथे ठेवणं आता शक्य नाही. तू माझ्याकडे येतेयस. माझ्याकडे लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे लावलेत, दुपारनंतर मी घरीच असते."

"आणि हे?"

"बाबा आमच्याकडे," सूनबाई म्हणाली. "शोरूमच्या मागे जागा आहे, तिथे बाबांची हत्यारं राहतील. पथ्यपाण्याचं मी बघेन. आमच्याकडे दोघंही आला असतात, पण दोन जिने चढायचे, आणि चक्कर येणाऱ्या माणसाला जिने नकोत, असं ताईंचं म्हणणं आहे. बरोबरच आहे त्यांचं."

"माझ्याकडे एकच खोली मोकळी आहे, त्यात एकच पलंग मावतो," ताई म्हणाली. "नाहीतर मी दोघांनाही नेलं असतं. हो ना वहिनी?"

"हो ना," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे आम्हाला वाटून घेणार," माई म्हणाली.

"असं काय बोलतेस? दर रविवारी भेटालच की तुम्ही."

"रविवारी भेटायला आमचं काय नुकतं लग्न ठरलंय?"

दादाला हसू फुटलं. बायकोने बघितलं तसं ते त्याने चहाबरोबर गिळून टाकलं.

"आणि किती दिवस हे?" माईने विचारलं.

"तुला बरं वाटेपर्यंत."

"मला बरंच वाटतंय."

"आई, परवा तू मलाच फोनवर सांगितलंस की ताईचा स्वभाव हल्ली फार तिरसट झालाय. मला सांगितलंस."

"ते त्या गोळीमुळे."

"गोळीमुळे सुचलं, की गोळीमुळे तोंडातून निघालं?"

सूनबाई स्वतःच्या कपात फार बारकाईने बघायला लागली.

एवढं सगळं चाललं होतं तरी माई घाबरली नव्हती, कारण तिचा हुकमाचा पत्ता अजून बोललाच नव्हता. मिस्त्री हे घर सोडून एक आठवडाही कुठे राहिलेले नव्हते. दादाने एकदा नुसतं म्हटलं होतं, आई, मी तुला नवा ओटा घालून देतो, तर मिस्त्री दोन महिने त्याच्याशी बोलले नव्हते. तो माणूस बायकोला एका घरात आणि स्वतःला दुसऱ्या घरात ठेवू देईल हे शक्यच नव्हतं. आता हे उठतील, असा आवाज लावतील की तिघंही चपला शोधतील, असं मनाशी म्हणत माई खुर्चीत मागे टेकून बसली.

"बाबा, तुम्ही पण बोला ना," दादा म्हणाला.

मिस्त्रींनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"ने तिला," ते ताईला म्हणाले. "आजच ने."

माईला आधी वाटलं, गुंगीत आपण भलतंच काहीतरी ऐकलं. पण ताई लगेच उठली, "कपडे किती घेऊ गं? गरम काही घेऊ का?" असं विचारत कपाटाकडे गेली, तेव्हा खरं ते तिच्या ध्यानात आलं. तिला फार वाईट वाटलं. वाईटापेक्षाही राग आला. या माणसाला वाईट वाटू नये म्हणून ती वर्षभर बादलीवर चढली, हात मोडून घेतला, नको ती गोळी गिळली, आणि याने एका वाक्यात तिला देऊन टाकलं. वाक्य तरी जरा मोठं करायचं होतं.

"मला चक्कर आली नव्हती," ती म्हणाली.

कुणाचं लक्ष नव्हतं. ताई साड्या मोजत होती, सूनबाई औषधं गोळा करत होती.

"मला चक्कर आली नव्हती," माई पुन्हा म्हणाली, या वेळी जोरात. "मी बादलीवरून पडले."

"कुठल्या बादलीवरून?" दादा म्हणाला.

"मोरीतल्या. पालथी घालून चढले होते. वरच्या फळीवर माझा हात पोचत नाही. फळी बसवली त्या दिवसापासून पोचत नाही."

मिस्त्री बायकोकडे बघत होते आणि माई मुद्दामच त्यांच्याकडे बघत नव्हती.

"म्हणजे तू डॉक्टरांना खोटं सांगितलंस?" ताईने साड्यांचा गठ्ठा पलंगावर टाकला.

"डॉक्टरांना कुठे? ह्यांना सांगितलं. डॉक्टर मध्ये होते."

"आणि गोळी? खोट्या चक्करवर तीन आठवडे खरी गोळी घेतलीस? अगं, त्या गोळीनेच तुला गुंगी येतेय. ती गुंगी बघून मी... स्कॅनचा रिपोर्ट यायचा होता ना, त्या रात्री मी झोपलेच नाही, आई. मला वाटलं तुझ्या डोक्यात काहीतरी..." ती पलंगाच्या कडेवर बसली आणि साडीच्या घडीने डोळे पुसायला लागली. साडी माईची होती.

माईला आता खरोखर शरम वाटली. खोटं बोलताना तिने फक्त नवऱ्याचा विचार केला होता. लेक रात्रभर जागी असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती उठून ताईशेजारी जाऊन बसली आणि चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "खरंच चुकलं गं."

"तरीच," सूनबाई हळूच म्हणाली. "फळीवरून कप काढताना मलासुद्धा टाचा उंच कराव्या लागल्या. मला वाटलं, मीच बुटकी."

"मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतो," दादा कपाळाला हात लावून म्हणाला. "घरात वयस्कर कोण आहे? पहिला प्रश्न."

"आणि आईंच्या स्वयंपाकघरात तुम्ही शेवटचे कधी गेला होतात?"

दादा फळांची पिशवी उघडून आत बघायला लागला.

ताईने नाक पुसलं. रडणं आवरलं की ती लगेच कामाला लागायची, तशी आताही लागली. "हात पोचत नाही म्हणजे उंची कमी झालीय. उंची कमी झालीय म्हणजे मणके दबलेत. आणि एवढ्याशा बादलीवरून पडून मनगट मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. आपण नखशिखांत सगळं तपासलं आणि हाडंच तेवढी राहिली. आई, हे चक्करपेक्षा बरं आहे असं समजू नकोस. पुढच्या वेळी खुबा मोडेल. तू माझ्याकडेच चल."

"पण ताई, चक्कर नाही तर मग प्रश्न फळीचाच उरला ना?" सूनबाई म्हणाली. "फळी खाली घेतली की झालं. त्यासाठी आईंना घर का सोडायला लावायचं?"

"वहिनी, सकाळी गाडीत तुम्ही काय म्हणत होतात?"

"सकाळी चक्कर होती."

ताई भावाकडे वळली. "दादा, वहिनीला सांग, हाडांचं मला जास्त कळतं."

"अहो, ताईंना सांगा, घरात राहायचं कुणी ते आईंना जास्त कळतं."

माईला एरवी या युतीच्या अंतावर मनापासून हसू आलं असतं. पण तेवढ्यात मिस्त्री उठले. कुणाशी एक अक्षर न बोलता ते मागच्या दाराने बाहेर पडले, आणि शेडचं दार आपटल्याचा आवाज आला.

"झालं," दादा म्हणाला. "आता दोन महिने."

"मी जाते," माई म्हणाली.

"आई, पायरी सांभाळून."

"माझी पायरी आहे ती," माई म्हणाली, पण सांभाळूनच उतरली.

शेडमध्ये मिस्त्री बाकावर बसले होते. काठ्यांची मोळी सोडलेली होती, काठ्या फरशीवर पसरल्या होत्या. त्यातली एक त्यांच्या हातात होती. कुणाची ते माईला विचारावं लागलं नाही.

"माप चुकलेलं नाही," ते म्हणाले.

"नाहीच चुकलं. मी बदलले."

"मला सांगायचंस."

"सांगणार होते. तुम्ही शेजाऱ्यांना फळी दाखवत होता."

"मग शेजारी गेल्यावर."

"शेजारी गेल्यावर मला दाखवायला लागलात."

मिस्त्रींनी काठी बाजूला ठेवली. "वर्षभर बादलीवर चढत होतीस. हाड मोडून घेतलंस. दवाखान्यात माझ्यासमोर खोटं बोललीस. पण मला एक शब्द सांगायचा तुला धीर झाला नाही. इतका वाईट आहे का मी?"

माईने विचार केला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता.

"वाईट नाही," ती म्हणाली. "हट्टी आहात. तुमच्या कामाला कुणी नाव ठेवलं की घरात जेवण गोड लागत नाही. म्हणून मी ठेवलं नाही. पण मी तरी लपवलं ते तुमच्यासाठी. तुम्ही काय केलंत? ने तिला म्हणालात. मला विचारलंतसुद्धा नाही."

मिस्त्रींनी पायाने फरशीवरच्या काठ्या एका बाजूला सारल्या.

"त्या दिवशी मी मशीन चालवत होतो," ते म्हणाले. "तू पडलीस ते मला ऐकू आलं नाही. मी आत आलो तो चहा का येत नाही म्हणून चिडून आलो. चिडून, कळलं का? तर तू खाली, हात पोटाशी धरलेला. बादली तिकडे पडलेली. मला वाटलं पाणी नेत होतीस. किती वेळ पडून होतीस?"

"थोडाच वेळ."

"आज खरं बोलायला लागलीस तर हेही खरं सांग."

"बराच," माई म्हणाली. "हाका मारल्या तुम्हाला. मशीन चालू होतं."

मिस्त्रींनी मान हलवली. हे त्यांना माहीत होतं, फक्त तिच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं. "तेव्हापासून मशीन लावलेलं नाही मी. लावायला हात जातो आणि वाटतं, आत्ता ती हाक मारत असेल. ताईकडे निदान कुणाला ऐकू तरी जाईल तुझी हाक."

तीन आठवडे हा माणूस शेडमध्ये न जाता कालचीच वर्तमानपत्रं का वाचत बसला होता, ते माईला आता कळलं. तिला वाटलं होतं, वयाने आळस आलाय. ती त्यांच्याशेजारी बाकावर बसली. बाक बुटका होता, तिला बरा पडला.

"मला जायचं नाही," ती म्हणाली. "ताईकडे सुख आहे, मला माहीत आहे. लिफ्ट आहे, दांडे आहेत. तुमच्यावाचून माझं अडेल असंही नाही. पण मला तुमच्याजवळ राहायचंय. इथे. आता झालं सगळं खरं बोलून."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी उठून एक कोरी पट्टी घेतली, कानावर पेन्सिल खोचली आणि तिला उठायला हात दिला.

घरात दोन्ही बाजूंची बोलणी तुटलेली होती आणि दादा मध्ये बसून फळं खात होता. मिस्त्री आत आले आणि म्हणाले, "कुणी कुठे जात नाही."

"बाबा, पण हाडं..." ताईने तोंड उघडलं.

"हाडांचं तू सांगशील ते करू. काय काय करायचं?"

बाबा विचारतायत, हेच ताईला नवीन होतं. तिने क्षणभर जुळवाजुळव केली. "उद्या हाडांची तपासणी. चक्करची गोळी डॉक्टरांना विचारून बंद. तुमचं मशीन दुपारनंतरच लावायचं, तेव्हा मी फोन करत जाईन. आईने मोबाइल गळ्यात अडकवायचा, झोपतानासुद्धा."

"झोपताना कोण फोन करणार मला?" माई म्हणाली.

"आई."

"बरं, अडकवते."

"आणि पुन्हा पडलीस तर मी बैठक-बिठक घेणार नाही. सरळ उचलून नेईन."

"ने," माई म्हणाली, आणि तसं ती खरंच म्हणत होती.

मिस्त्री स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. आपण केलेला ओटा, कपाटं आणि ती फळी त्यांनी नव्याने पाहून घेतली. मग तिकडे पाठ करूनच त्यांनी विचारलं, "काय रे, ओटा खाली घ्यायचा तर तुम्ही लोक तोडून घेता की पायातून कापता?"

दादाने हातातली फोड खाली ठेवली. बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. दोघींनीही एकाच वेळी त्याला जा म्हणून खूण केली. तो उठून आत गेला.

"पायातून कापता येईल, बाबा. फळी तर आजच खाली येईल. पण आधी माप लागेल." खिशातून त्याने ते लाल दिव्याने माप घेणारं यंत्र काढलं, वडिलांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

"राहू दे बाहेर," मिस्त्री म्हणाले. "माझं झालं की तू पण घे. बघू जुळतंय का." मग माईला म्हणाले, "ये, भिंतीपाशी उभी राहा."

माई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दारात ताई आणि सूनबाई येऊन थांबल्या होत्या. एवढी माणसं बघतायत म्हटल्यावर माईने खांदे मागे घेतले, मान वर केली, पोट आत ओढलं. मिस्त्रींनी पट्टी टेकवली आणि पुन्हा काढून घेतली.

"अशी ताठ नको," ते म्हणाले. "एरवी उभी असतेस तशी राहा."

माईने श्वास सोडला. खांदे सोडले. पाठीला जिथे हल्ली बाक येत होता तिथे तो येऊ दिला. आपण खाली येतोय हे तिला स्वतःलाच जाणवलं, आणि समोरच्यांनाही ते दिसत असणार, कारण ताईने नकळत सूनबाईचा हात धरला होता. मिस्त्रींनी गुडघा टेकून तिचं कोपर पट्टीला लावलं.

"दोन बोटं आणखी खालीच घ्या," माई म्हणाली. "मी काय इथेच थांबणार नाही. पुढच्या वर्षी परत तोडफोड नको."

मिस्त्रींनी पेन्सिल उचलली आणि जिथे तिचं कोपर होतं, बरोबर तिथेच खूण केली.

"करू की तोडफोड," ते म्हणाले. "तू पुढच्या वर्षी परत उभी राहा."